आजारपणात बागकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण, त्यांच्या मुली-सुना, एखाद्या वेळी सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा वर्षभर प्रश्न पाठवत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. आम्ही डॉक्टर नाही. आजारी माणसांच्या सोबतीने कुंड्या भरणारे लोक आहोत. त्यामुळे औषधं, रिपोर्ट आणि पथ्य यांबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बागकामाने आजार बरा होतो का?

नाही. कॅन्सर, मधुमेह, किडनीचा विकार, संधिवात यांतलं काहीही कुंडीमुळे बरं होत नाही, आणि झाडं लावली म्हणून एकही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. बरं होतं असं छातीठोकपणे सांगणारा माणूस बहुधा काहीतरी विकत असतो.

मग करायचं कशाला? आजारी माणसाचा दिवस पाहा. गोळ्या कुणीतरी काढून देतं, जेवण समोर येतं, दवाखान्याची तारीख मुलगा ठरवतो, रिक्षा सून बोलावते. दिवसभर तो नुसता घेणारा. कुंडीपाशी गेला की मात्र त्याच्यावर अवलंबून असलेलं काहीतरी तिथे असतं. त्याने पाणी घातलं नाही तर रोप मान टाकतं. आमच्या मते बागकामाची खरी कमाई ही आहे. हालचाल, ऊन, ताजी भाजी हे सगळं त्याच्या मागून येतं.

अभ्यासांचं म्हणाल तर तेही आहेत, पण त्यांतून काय निघतं आणि काय निघत नाही ते नीट पाहायला हवं. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सगळ्यांत जास्त सांगितला जातो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. नेदरलँड्समध्ये २०११ साली ३० हौशी बागकाम करणाऱ्यांना आधी मुद्दाम ताण दिला आणि मग अर्धा तास कुणाला बागेत, कुणाला वाचनाला बसवलं. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल दोन्ही गटांत उतरलं, बागेतल्यांचं जास्त. अमेरिकेतल्याच डेन्व्हर शहरातल्या २९१ जणांच्या अभ्यासात (२०२३) सामूहिक बागेत काम करणाऱ्यांच्या आहारात तंतुमय पदार्थ थोडे वाढले, हालचाल वाढली, ताण आणि चिंता कमी झाली. यातले शेवटचे दोन अभ्यास रुग्णांवर झालेले नाहीत, हे लक्षात ठेवूनच ते वाचावेत.

२. मातीत एक जिवाणू असतो, तो मन आनंदी करतो, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

अर्धवट. मायकोबॅक्टेरियम व्हॅके नावाचा जिवाणू मातीत असतो. तो मारून उंदरांना टोचल्यावर त्यांच्या मेंदूतल्या सेरोटोनिनशी (मनःस्थितीशी जोडलेलं रसायन) संबंधित पेशी जास्त सक्रिय झाल्याचं २००७ च्या एका प्रयोगात दिसलं. उंदीर आणि माणूस, टोचणं आणि कुंडी उकरणं, यांत बरंच अंतर आहे. त्यामुळे 'मातीत हात घातला की नैराश्य पळालं' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

साधी कारणं पुरेशी आहेत. सकाळचं ऊन मिळालं की रात्रीची झोप सुधारायला मदत होते. बोटं, मनगटं, खांदे व्यायाम म्हणून न हलता काम म्हणून हलतात, आणि फिजिओथेरपीचा कंटाळा करणारे लोकही हे करतात. लक्ष दुखण्यावरून हटून मावा (कीड) लागलेल्या पानावर जातं. शिवाय शेजारणीशी बोलायला 'आज कसं वाटतंय?' सोडून दुसरा विषय मिळतो.

३. आयुष्यात कधी झाड लावलं नाही. सुरुवात कशाने करू?

मेथीने. कोथिंबिरीने करू नका. धणे रगडून फोडावे लागतात, उगवायला वेळ लावतात, उन्हाळ्यात लगेच फुलावर येतात, आणि पहिल्याच फटक्यात नवखा माणूस हिरमुसतो. गुलाबही नको. काटे, छाटणी, पिठ्या ढेकूण अशी त्याची नाटकं खूप.

रात्री मूठभर मेथीदाणे भिजत घाला. सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी मोड दिसतील. मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्याला तळाशी पाच-सहा भोकं पाडा, दोन-तीन बोटं माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, मोड आलेले दाणे दाट पसरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या आणि हाताने पाणी शिंपडा. झारीची धार थेट पडली तर दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात. दोन-तीन दिवसांत वाकलेल्या मानेचे फिकट कोंब माती उचलून वर येतात, काहींच्या डोक्यावर दाण्याचं साल टोपीसारखं अडकलेलं असतं. ते बोटाने काढत बसण्याचा मोह होतो. काढू नका, आपोआप गळतं. साधारण दहा-बारा दिवसांत कात्रीने कापून आमटीत टाकता येते.

आजारी माणसासाठी हा वेग महत्त्वाचा. पुढच्या तपासणीच्या आत काहीतरी हातात येतं. त्यानंतर बाजारातल्या जुडीतल्या पुदिन्याची जाड काडी खालची पानं काढून पेल्यात पाण्यात ठेवा, आठवड्याभरात मुळं फुटतात. मग गवती चहा, ओवा, तुळस. फळझाडं नंतर.

४. रोज किती वेळ करावं आणि कोणत्या वेळी?

दहा मिनिटांपासून. 'अजून थोडं करता आलं असतं' असं वाटत असतानाच थांबायचं. दुसऱ्या दिवशी अंग आंबलं किंवा थकवा दुपारपर्यंत टिकला तर आदल्या दिवशी जास्त झालं, असं समजून वेळ निम्मी करा.

उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. विदर्भ-मराठवाड्यात तर एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचंही सांभाळून, कारण गच्चीची फरशी सूर्य मावळल्यावरही भाजत असते. रक्तदाबाच्या आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाली वाकून झटकन उभं राहू नये, भोवळ येते. ल्यूपसचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) रुग्ण, तसंच डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक औषधं घेणारे, यांनी उन्हापासून अंग झाकावं. ल्यूपसमध्ये उन्हाने आजारच उसळतो आणि या औषधांवर असताना त्वचा लवकर भाजते. स्टूल किंवा खुर्ची पहिल्या दिवसापासून असू द्या.

५. आईला हृदयाचा त्रास आहे. तिने झारी उचलली की आम्ही हातातून काढून घेतो. ती चिडते. आमचं काय चुकतं?

काळजी चुकत नाही, पद्धत चुकते. दहा लिटरची भरलेली झारी दहा किलोहून जास्त वजनाची असते, ती काढून घेणं बरोबरच आहे. पण मग तिच्या हातात एक लिटरची झारी द्यायला हवी. बहुतेक घरांत ते होत नाही. झारी जाते, नंतर खुरपं जातं, आणि शेवटी आई खुर्चीत बसून सुनेला 'तिकडे पण घाल गं' म्हणत राहते.

डॉक्टरांना 'बागकाम चालेल का' असं विचारू नका. त्यावर 'हलकंफुलकं चालेल' एवढंच उत्तर मिळतं. किती किलो उचलू, किती वेळ उभी राहू, हात खांद्याच्या वर नेऊ का, असं विचारा. मिळालेल्या उत्तरात जे बसतं ते पूर्ण तिचं. त्यात कुणी ढवळाढवळ करायची नाही, रोप वाकडं लागलं तरी.

६. आमच्याकडे गच्ची नाही, बाल्कनी नाही, फक्त खिडकीचं ग्रिल आहे. रुग्ण अंथरुणाला खिळलेले आहेत.

ग्रिल पुरतं. मातीऐवजी कोकोपीट जास्त असलेलं मिश्रण वापरा म्हणजे वजन कमी राहील. कुंड्या तारेने बांधा आणि खाली ताटली ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळून भांडणं होतात. (ताटलीतल्या पाण्याचं काय करायचं ते प्रश्न १५ मध्ये.) जड कुंड्या ग्रिलवर ठेवूच नका.

पलंग असा वळवा की पडल्या पडल्या हिरवं दिसेल. उलरिच यांच्या अभ्यासातल्या रुग्णांनी (प्रश्न १) कुठल्याही झाडाला हात लावला नव्हता, ती फक्त दिसत होती. हात चालत असतील तर पलंगावर जेवणाचा ट्रे घेऊन बिया निवडणं, सुकलेली पानं खुडणं, गवती चहाची पात कापणं होतं. हातही चालत नसतील तर निर्णय त्यांच्याकडे ठेवा: पुढे काय लावायचं, कोणतं रोप शेजाऱ्यांना द्यायचं.

७. केमोथेरपी चालू आहे. मातीत हात घालू का?

रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली असताना नाही. या प्रश्नाला आम्ही नेहमी सरळ उत्तर देतो, कारण इथे हौस महागात पडते. माती, शेणखत, कंपोस्ट आणि कुजका पालापाचोळा यांत बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणूस ते रोज श्वासातून घेतो आणि काही होत नाही. प्रतिकारशक्ती घटलेल्या माणसाच्या फुप्फुसात त्यांचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्राने जी काळी बुरशी पाहिली, तिचे बीजाणूही याच जागी असतात. स्टेरॉइड आणि अनियंत्रित साखर यांनी त्यांना वाट करून दिली. अवयव किंवा बोन मॅरो प्रत्यारोपण झालेल्यांनाही हेच लागू.

'मग पाण्यावर वाढणारी झाडं ठेवू का?' असं लगेच विचारलं जातं. साचलेल्या पाण्यातही जिवाणू वाढतात. रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात फुलदाणी ठेवू देत नाहीत त्याचं एक कारण हेच.

या काळात बाग बंद पडू द्यायची नाही, हात बदलायचे. माती दुसरा कुणीतरी हाताळेल, रुग्ण अंतरावरून सांगेल, वहीत नोंद ठेवेल, फोटो काढेल. पेशी वर आल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला की हातमोजे आणि मास्क घालून हलकं काम सुरू करता येतं. कंपोस्ट उलथणं मात्र सगळ्यांत शेवटी. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातात कायम जाड हातमोजा हवा. त्या हाताला साधं खरचटलं तरी संसर्ग होऊन सूज चढते.

८. मधुमेह आहे. बागेत अनवाणी चालणं चांगलं असं ऐकलंय.

मधुमेहात अजिबात नाही. पायाची संवेदना हळूहळू जाते आणि गेली आहे हे रुग्णाला कळतच नाही. काटा रुततो, दुखत नाही, आठवड्याने वास येतो तेव्हा घरच्यांना समजतं. बागेत पाय झाकणारी बंद चप्पल किंवा बूट, आणि काम झाल्यावर तळवे आरशात पाहणं किंवा दुसऱ्याकडून पाहून घेणं, एवढं केल्याशिवाय बागेत जाऊच नये.

दुखणं न कळणाऱ्या हातापायांनी माती कसायची म्हणजे काय, हे महाराष्ट्राने आनंदवनात पाहिलं. १९५१ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर कुष्ठरुग्णांसोबत ते उभं केलं. विहिरी खणल्या, धान्य-भाजी पिकवली. ज्यांना गावाने दया म्हणून भाकरी टाकली असती, ते गावाला पुरेल इतकं पिकवू लागले. कुष्ठरोगात आणि मधुमेहात मज्जातंतू बिघडण्याची कारणं वेगळी, पण हातापायांना जपण्याची शिस्त तीच: औजाराची मूठ मऊ कापडाने गुंडाळायची, दर थोड्या वेळाने हात पाहायचा, फोड आला तर त्या दिवशी काम बंद.

पावसाळ्यात आणखी एक धोका आहे, फारसा माहीत नसलेला. पश्चिम किनारपट्टीवर, म्हणजे किनारी कर्नाटक, गोवा, कोकण या पट्ट्यात, चिखलातल्या एका जिवाणूमुळे मेलिऑइडोसिस नावाचा आजार होतो. त्याचा सगळ्यांत मोठा धोका मधुमेहींना असतो. जखम असताना चिखलात उतरू नका, आणि पावसाळ्यात मातीकामानंतर ताप रेंगाळला तर डॉक्टरांना 'मी मातीत काम करतो' हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी काम करू नये. खिशात साखरेची पुडी असावी.

९. दमा आहे, धुळीचा त्रास होतो. जमेल का?

जमेल, पण कोरडी माती चाळणं, कोकोपीट झटकणं, कंपोस्ट उलथणं ही तीन कामं दुसऱ्याची. माती आधी भिजवा, मग हात लावा. घरात वासाची फवारणी नको, कडुनिंबाच्या तेलाचाही उग्र वास काहींना सोसत नाही. मावा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराच जातो.

अंगणात किंवा सोसायटीच्या कडेला गाजरगवत असेल तर दमेकऱ्याने ते उपटू नये. १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ पहिल्यांदा दिसलेलं हे तण आता देशभर आहे. त्याच्या परागकणांनी शिंका-दमा उसळतो आणि स्पर्शाने त्वचेवर चिवट इसब उठतं. दुसऱ्या कुणीतरी फुलं येण्याआधी हातमोजे घालून काढावं.

१०. गुडघे वाकत नाहीत, बोटं धरत नाहीत. (पक्षाघातानंतर एका हाताने काम करणाऱ्यांचाही हाच प्रश्न.)

माती वर आणा. जुनं टेबल, विटांवर फळी, काहीही. खुर्चीत किंवा व्हीलचेअरमध्ये बसणाऱ्यासाठी मातीची पातळी जमिनीपासून साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर ठीक पडते. खाली गुडघे जायला जागा हवी, म्हणून विटांचा भरीव वाफा गैरसोयीचा.

खुरप्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा जुना टॉवेल गुंडाळून जाड करा. संधिवाताच्या बोटांना जाड मूठ कमी दुखते. नर्सरीतली महागडी 'एर्गोनॉमिक' औजारं आधी घेऊ नका. हात थरथरत असेल तर बी मोठं निवडा: वाल, घेवडा, भोपळा. मोहरी किंवा राजगिऱ्याचं बी अशा हातातून सांडतं आणि माणूस नुसता खजील होतो. एका हाताने काम करणाऱ्याची कुंडी घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं ठेवा. बाधित हात निदान कुंडीच्या काठावर टेकवून ठेवायला सांगा, तोही कामात आला पाहिजे.

११. बायपास, हर्निया, सिझेरियन झालंय. कधीपासून?

बायपासमध्ये कापलेलं छातीचं हाड भरायला दोन-तीन महिने जातात. तोवर ढकलणं, ओढणं, वजन उचलणं नाही. पोटाच्या शस्त्रक्रियांत तारीख सर्जनकडून घ्या. कुंडी हलवणं हे बागेतलं सगळ्यांत फसवं काम: दिसते छोटी, पण ओली माती भारी असते. बसून करायची कामं (प्रश्न ६) त्या आधीही चालतात.

१२. डायलिसिस चालू आहे. घरची, बिनखताची भाजी तरी खाऊ ना?

किडनीच्या रुग्णाने जपायचं ते पोटॅशियमला, आणि ते मुळात भाजीतच असतं, खतामुळे घातलेलं नसतं. घरचा पालक, टोमॅटो, शेवग्याचा पाला यांत ते बाजारच्याइतकंच असणार. आहारतज्ज्ञांनी जेवढं सांगितलं तेवढंच, आणि त्यांनी सांगितलेल्या पद्धतीने, म्हणजे चिरून, उकळून, पाणी टाकून. परसात कमरखाचं झाड असेल (कोकणात काही ठिकाणी करमळ म्हणतात, आडवं कापलं की चांदणी दिसते ते आंबट फळ) तर किडनीच्या रुग्णाने त्याची एक फोडही खाऊ नये. निकामी किडनी त्यातलं विष बाहेर टाकू शकत नाही. उचकीपासून सुरुवात होऊन झटके येतात, मृत्यूही झाले आहेत. लोणच्यातही नको.

फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हाताने वजन उचलायचं नाही, आणि तो हात काटेरी झाडापासून लांब.

याच प्रश्नाचं दुसरं रूप हृदयाच्या झडपेच्या रुग्णांकडून येतं. अ‍ॅसिट्रोम किंवा वॉरफरीन (रक्त पातळ ठेवणारी औषधं) चालू असताना पालेभाजी बंद करायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. मेथीचे चार डबे एकदम तयार झाले म्हणून आठवडाभर रोज मेथी, असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) बिघडतो. चारऐवजी एकेक डबा आठवड्याच्या अंतराने पेरा.

१३. डिप्रेशन आहे. रोप लावलं, तेही मेलं. आता आणखी वाईट वाटतंय.

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि 'पुन्हा लावा, हिंमत हरू नका' हे त्याचं उत्तर नाही. नैराश्यातलं मन प्रत्येक गोष्टीत स्वतःविरुद्ध पुरावा शोधत असतं. मेलेलं रोप हा पुरावा त्याला आयताच मिळतो. म्हणून सुरुवात सहजासहजी न मरणाऱ्या झाडांनी करावी: स्नेक प्लांट, मनी प्लांट, कोरफड, पानफुटी. पानफुटीचं नुसतं पान मातीवर टाकलं तरी कडेने रोपं फुटतात. कुंडीतली झाडं बहुतेक वेळा जास्त पाण्याने मरतात. बोट मातीत दोन पेरं घाला, कोरडं लागलं तरच पाणी.

शक्य असेल तर एकट्याने करू नका. दोघांची मिळून एक कुंडी असली की 'आज तुझी पाळी' म्हणणारं कुणीतरी असतं. मनोरुग्णांना बागेत काम देण्याची रीत जुनी आहे. अमेरिकन डॉक्टर बेंजामिन रश यांनी १८१२ मध्येच लिहून ठेवलं की जे रुग्ण लाकडं फोडतात, बाग खणतात ते बरे होताना दिसतात, आणि ज्यांना हुद्द्यामुळे कामाची माफी आहे ते तसेच राहतात. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत पुनर्वसनाच्या कामांत आजही बागकाम आहे. पण गोळ्या आणि समुपदेशन यांच्या जोडीला, त्यांच्या बदल्यात नाही. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर हे पान मिटा आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा.

१४. बाबांना डिमेन्शिया आहे. दिवसातून पाच वेळा पाणी घालतात, फुलं तोंडात घालतात.

पाच वेळा घालू द्या. पाणी जास्त झालेलं चालणारं झाड द्या, गवती चहासारखं. कुंडीला खाली मोठी भोकं ठेवा आणि झारी लहान. 'आत्ताच तर घातलंत ना!' असं दर वेळी सांगून काही साध्य होत नाही.

तोंडात घालण्याचं मात्र गंभीर आहे. कण्हेर, बिट्टी (पिवळी कण्हेर), धोत्रा, गुंज, डायफेनबॅकिया ही झाडं घरातून आणि सोसायटीच्या त्या भागातून काढून टाका. देवाला वाहायला म्हणून कण्हेर असतेच, आणि तिचं विष थेट हृदयावर जातं. शेर किंवा निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. त्याऐवजी लहानपणी ओळखीचे असलेले वास आणा: मोगरा, मरवा, तुळस. नावं विसरलेली माणसंही मरवा चुरगळून हुंगतात आणि कुणाच्या तरी गजऱ्याची गोष्ट सुरू करतात.

१५. कुंड्यांमुळे डास, डेंग्यू?

होतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली आणि मनी प्लांटची बाटली या त्याच्या आवडत्या जागा. आठवड्यातून एकदा पाणी ओतून ताटली *घासून* कोरडी करा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. रुग्णाच्या घरात ताटलीत वाळू भरून ठेवणं सगळ्यांत सोपं.

१६. काटा लागला, खुरपं लागलं. काय करू?

साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गुलाबाचा काटा लागल्यानंतर काही आठवड्यांनी हातावर ओळीने गाठी उठू लागल्या तर ती बुरशी असू शकते, मलम चोळत बसू नका. मधुमेहींनी प्रश्न ८, केमोवाल्यांनी प्रश्न ७ पाहावा.

१७. सदाफुलीची पानं खाल्ली की साखर उतरते आणि कॅन्सरही जातो म्हणतात. गुळवेलही लावली आहे.

सदाफुलीतून कॅन्सरची औषधं निघाली हे खरं: व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन. ती ढीगभर पानांतून जेमतेम निघतात, शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच देतात, आणि तरीही त्यांचे दुष्परिणाम डॉक्टरांना जपावे लागतात. सकाळी चार पानं चावल्याने औषधाची मात्रा मिळत नाही, विषाची मात्र मिळू शकते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना तर साखर धोकादायक उतरू शकते.

गुळवेलीबाबत वाद आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी काढे घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. यकृताचा किंवा ऑटोइम्यून (ल्यूपससारखा) आजार असणाऱ्यांनी या वादाचा निकाल स्वतःवर प्रयोग करून लावू नये. वेल वाढवा, दिसते छान. आमच्याकडे तर नियमच आहे: पोटात जाणाऱ्या आणि फक्त पाहायच्या झाडांच्या जागा वेगळ्या.

१८. आम्ही शेतकरीच. आयुष्यभर मातीत राबलो, आता आजारपणात पुन्हा माती?

अगदी रास्त. शेती म्हणजे कर्ज, भाव, पाऊस. तिला कुणी उपचार म्हणणं त्या माणसाला चीड आणणारं असतं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. अशा अनुभवातून आलेल्याला 'निसर्गात मन रमवा' म्हणू नये. पण विकायचं नाही, हिशेब नाही, फवारणी नाही अशी एक परसबाग काही जणांना आवडते, आणि मुख्य म्हणजे तिथे ते शिकवणारे असतात. शहरात मुलाकडे आलेल्या वडिलांना सोसायटीच्या बागेतलं काही विचारून पाहा. माळी सुटीवर असतानाच विचारा.

१९. यासाठी वेगळे तज्ज्ञ असतात का? कुठे भेटतील?

अमेरिकेत बागकामोपचाराची संघटना १९७३ पासून आहे, ब्रिटनमध्ये थ्राइव्ह ही संस्था १९७८ पासून. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारा. रुग्णाला रोजच्या कामांतून पुन्हा हातापायांवर आणणं हेच त्यांचं शिक्षण. या विषयाची देशातली पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. थेरपिस्टना 'काय व्यायाम करू' म्हणण्याऐवजी 'मला कुंडीत वाल लावायचेत, या हाताने कसे लावू' असं विचारून बघा. शनिवार-रविवारच्या टेरेस गार्डन कार्यशाळा झाडांसाठी चांगल्या, पण तिथल्या शिक्षकाला आजारातलं कळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

२०. सगळं वाचलं. पण रुग्णाला बागेची आवडच नाही, आणि आम्हाला वाटतं त्याने करावं.

मग नको. त्याला पत्ते, रेडिओ, भजनी मंडळ, क्रिकेटचा स्कोअर लिहिणं, जे आवडतं ते द्या. प्रश्न १ मधलं 'त्याच्यावर अवलंबून असलेलं काहीतरी' बागेबाहेरही मिळतं: नातवाचा डबा भरणं, दुधाचा हिशेब ठेवणं. एखादी कुंडी त्याच्या खिडकीत ठेवायची असेल तर ती तुमची म्हणून ठेवा आणि पाणी तुम्हीच घाला.